सियोनकाकांच्या ताटातलं हरीण

आमच्या गावच्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरात शिकारीच्या मांसाची पंगत होते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून मोटारीने अर्ध्या तासावरचं एवढंसं गाव. एक चर्च, एक पब, एक पोस्ट आणि हा हॉल. आसपासच्या रानात मारलेलं हरीण, ससे, कबुतरं, फेझंट नावाचे लांब शेपटीचे पक्षी, सगळं त्या दिवशी शिजतं आणि गावातलं एक घर यजमान होतं. आम्ही वीस वर्षं त्या पंगतीला गेलो आणि वीस वर्षं उकडलेले बटाटे आणि सफरचंदाचं गोड खाऊन परत आलो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी. जनावर धर्माने सांगितल्याप्रमाणे, ते काम शिकलेल्या माणसाने, बिनखाचेच्या सुरीने कापलेलं असलं तरच ते कोशेर, म्हणजे आम्हाला चालणारं. सियोनकाका म्हणायचे, "हरीण चालतं ग पोरी. गोळी चालत नाही."

२००६ साली यजमानपण आमच्याकडे आलं. हॉलच्या कमिटीची जिल दारात उभी राहून म्हणाली, "एलिझाबेथ, यंदा आम्ही ठरवलंय, ज्याने त्याने आपल्या मुलखाच्या पद्धतीने शिजवायचं. तुमच्या कोकणात हरीण कसं करतात?"

आमच्या कोकणात हरीण करत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या मुलखाचं नाव घेऊन विचारत होतं. मी म्हणाले, "हिरव्या मसाल्यात. नारळाच्या दुधात."

तसं खोटं नव्हतं. मटण आम्ही असंच करतो. पण आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, पुढच्या सगळ्या घसरणीची पहिली पायरी तीच.

माझे यजमान कालेब पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हॉस्पिटलच्या किचनमध्ये तीस वर्षं डुकराचं शिजवलंस. आता हरणाचं काय घेऊन बसलीस? शिजव. खायचं नाही म्हणजे झालं."

मग मीच उत्साहाने म्हटलं, पंगतीत सियोनकाकांचं कीर्तन ठेवू या.

सियोनकाका झिराडकर माझ्या वडिलांचे लांबचे भाऊ. राहायला लंडनच्या वेम्बली भागात. वय एक्याऐंशी. काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. उजेड कुठे आहे तेवढं कळायचं. दीनाकाकू गेल्यापासून अकरा वर्षं ते स्वतःच्या घराखेरीज एकाच घरी जेवायचे, ते माझ्या. लंडनमध्ये पुष्कळांनी बोलावलं, त्यांनी कुणाच्याही पानाला हात लावला नाही. "दिसत नाही, तेव्हा ताटात काय आहे ते वाढणाऱ्याच्या तोंडून कळतं. ते तोंड माहितीतलं पाहिजे," असं म्हणायचे. माझ्याइतका मान माझ्या सबंध घराण्यात कुणाला मिळाला नसेल.

आणि ते कीर्तन करायचे. आपल्याकडे कीर्तन म्हटलं की लोकांना देवळातलं आठवतं, पण आमच्या वाडवडिलांनीही तीच रीत उचलली होती. तोच तबला, तीच झांज, ओव्या, साक्या, मधून गोष्ट, मधून टोमणा. फक्त कथा अब्राहामाची, मोशेची, एस्तेर राणीची. मी लहानपणी माझगावला काकांची कीर्तनं ऐकत वाढले आणि भायखळ्याच्या देवळाच्या पायरीवर बसून तिथलीही ऐकली. देव कुठलाही असो, गाऊन सांगितलेला मला पटकन कळतो. नुसतं वाचून दाखवलं की माझं लक्ष उडतं, आणि गाऊन सांगितलं की मी रडते. साठीला आले तरी तसंच.

काकांना फोन केला तर खूश. "शिकारीची पंगत? मग इसहाकाचंच आख्यान लावतो. म्हातारा, आंधळा, आणि रानमांसाचा शौकीन. निम्मा मीच आहे."

हे आख्यान थोडक्यात सांगायला हवं. इसहाक म्हातारपणी आंधळा झाला. थोरल्या मुलाला, एसावाला, म्हणाला, शिकार करून आण, मला आवडतं तसं शिजव, मग तुला आशीर्वाद देतो. इकडे आईचा जीव धाकट्यावर, याकोबावर. तिने घरची करडं कापली, शिकारीसारखी चव आणली, धाकट्याच्या गुळगुळीत हातांना केसाळ कातडं बांधलं आणि त्याला आत पाठवलं. आंधळ्या बापाने कोण आलंय ते विचारलं, हात चाचपले, जेवला आणि आशीर्वाद देऊन बसला.

पंगत शनिवारी संध्याकाळी होती. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो, शनिवारी तारे दिसेपर्यंत प्रवास नाही, चूल नाही, म्हणून काका शुक्रवारी दुपारीच आले. कालेब लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत जाऊन त्यांना घेऊन आले. काकांच्या बॅगेत कपडे कमी आणि मटण जास्त. गोल्डर्स ग्रीनच्या कोशेर खाटकाकडचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, चांगलं अडीच किलो.

"एवढं कशाला काका?"

"तिघं जेवू. उरलेलं डब्यात घालून दे. हनुक्काच्या सणापर्यंत फ्रीजरमध्ये पुरवीन. माझ्या हातचं खाऊन खाऊन मला माझाच कंटाळा आलाय."

ते मटण मी दिवस मावळायच्या आत माझ्या घरी माझ्या पातेल्यात शिजवलं. हरणाचं मांस माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नव्हतं, म्हणून ते वीणाकडे, तिच्या पातेल्यात. वीणा माझी शेजारीण, नाशिकची; तिचा नवरा गिरीश तबला वाजवतो. दोघींची पातेली अगदी सारखी, कारण दोघींनी एकाच दिवशी वेम्बलीच्या ईलिंग रोडवर एकाच दुकानातून घेतलेली. मसालाही एकच, मीच वाटलेला. हरणाला रानटी वास असतो म्हणून त्यात मूठभर कोकम जास्त टाकलं. मटणात कोकम नाही. मी कधीच घालत नाही.

ओळखू यावं म्हणून कोशेर पातेल्याच्या झाकणावर निळी चिकटपट्टी लावली. पातेल्यालाच लावायला हवी होती. पण गॅसवर ती जळेल म्हणून झाकणाला लावली. या एका शहाणपणापायी माझं सगळं गेलं.

शनिवारी आकाशात तारे दिसले, शब्बाथ संपला, आणि दोन्ही पातेली हॉलच्या किचनमध्ये शेजारी शेजारी गरम व्हायला ठेवली. मी दोन्हींची झाकणं काढून ओट्यावर ठेवली, वरून कोथिंबीर भुरभुरली. तेवढ्यात जिलने हाक मारली की खुर्च्या कमी पडतायत. मी झाकणं परत ठेवली, पट्टीच्या झाकणापाशी माझा घरचा डाव ठेवला, दुसऱ्यापाशी हॉलचा, आणि खुर्च्या मोजायला गेले.

साठेक माणसं होती. लाकडी टेबलांवर कागद अंथरलेले. सशाचं मांस भरून भाजलेला 'पाय', फेझंटचं स्ट्यू, वीणाचं कबुतराचं खिमा-पॅटिस, आणि माझ्या नावाची पाटी लावलेलं 'कोकणी हरीण'. काका जिलच्या शेजारी बसले. त्यांनी पेल्याने हातांवर पाणी घेतलं, घरून आणलेल्या पावावर प्रार्थना म्हटली. मी पट्टीच्या झाकणाखालचं त्यांना वाढलं. कालेब आणि मी यजमान म्हणून मागाहून जेवणार होतो.

पहिल्याच घासाला काका थांबले. हळूहळू चावू लागले. मग इंग्रजांच्या गर्दीत मोठ्यांदा मराठीतून म्हणाले, "एलिझा, हे मीच आणलेलं ना?"

"हो काका, तुम्हीच."

"गोल्डर्स ग्रीनचा खाटीक सुधारला म्हणायचा!"

मी हसले. त्यांनी ताट पुसून घेतलं. शेजारी जिल दुसऱ्या पातेल्यातलं खात होती आणि सगळ्यांना सांगत होती की इतकं मऊ हरीण तिने जन्मात खाल्लं नाही. मला अभिमान वाटला. शपथ सांगते, तेव्हा मला फक्त अभिमानच वाटला.

"आंबटसर काय छान लागतंय," काका म्हणाले. "रेवदंड्याला माझी आई करायची तसं. अजून आण ग थोडं."

आंबटसर.

त्यांचं ताट घेऊन मी किचनमध्ये गेले. निळ्या पट्टीचं झाकण उचललं आणि डाव तळापर्यंत घातला. वर आला तेव्हा त्यात काळी मऊ कोकमं होती. एक, दोन, चार.

वीणा सिंकपाशी होती. माझा चेहरा बघून जवळ आली, पातेल्यात डोकावली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अग बाई. काकांनी खाल्लं?"

"ताटभर."

"मग आता हे दुसरं वाढ. पटकन."

"चव बदलेल. त्यांना लगेच कळेल."

"कळू दे की! सांग त्यांना, चूक झाली म्हणून."

"एवढ्या लोकांसमोर? आता गायला उभे राहायचेत ते."

"एलिझा, अग पण..."

बाहेरून जिलचा आवाज आला, आजोबा वाट बघतायत. टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हातारा माणूस चवीने जेवतोय याचं सगळ्यांना कौतुक.

आणि मी हरणाचं वाढलं. चांगले मऊ तुकडे निवडून, वर रस्सा घालून वाढलं. एकदा खाल्लंच आहे, असं मी मनाशी म्हणाले. पहिलं ताट चुकून गेलं होतं. दुसरं माझं होतं. त्यात चुकीचा वाटा नाही.

"ये," काका म्हणाले. वास घेतला आणि जेवले.

मी किचनमध्ये येऊन झाकणांची अदलाबदल केली. वीणाने मला काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवणं आटोपल्यावर काका उभे राहिले. काळी टोपी, पांढरा सदरा, हातात झांज. गिरीशने तबल्यावर थाप दिली. कालेब शेजारी उभे, मधूनमधून इंग्रजीत दोन वाक्यांत गोष्ट सांगायला. काकांनी डोळे मिटले, नाहीतरी मिटलेलेच होते, आणि ओवी धरली:

म्हातारा बाप, मंद नजर ।
म्हणे लेका, उचल शर ।
रानमांसाची चव जिभेवर ।
मग घे माझा आशीर्वाद ॥

आवाज अजून तसाच, माझगावचा. एरवी त्या आवाजाला मी पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसते. त्या दिवशी मी किचनच्या दारातच उभी राहिले.

"लोकहो," काका म्हणाले, "हात चाचपले म्हाताऱ्याने. कातडं चाचपलं, कापडाचा वास घेतला. सगळं तपासलं! एक तपासायचं राहिलं. जेवण कुणी रांधलं, ते विचारायचं राहिलं. का राहिलं? घरचं होतं ना! घरच्यावर कोण संशय घेतो?"

कालेबनी ते इंग्रजीत सांगितलं. लोक हसले. काकाही हसले. मी दाराची चौकट धरली.

कीर्तन संपल्यावर जिल चहा घेऊन आली, दूध घातलेला, वाफाळता. काकांनी हात जोडले. "नको बाई. मटण खाल्लंय. सहा तास दूध चालत नाही आम्हाला." कालेबनी समजावून सांगितलं. जिल म्हणाली, किती सुंदर शिस्त. काकांनी कोरा चहा घेतला आणि मग जेवणानंतरची लांब हिब्रू प्रार्थना पुटपुटले. त्या जेवणासाठी देवाचे आभार मानले. एकही शब्द गाळला नाही.

रविवारी सकाळी मी कालेबना सांगितलं. ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले.

"गाडी अकराची आहे," ते म्हणाले. "त्याआधी सांग."

"तुम्ही सांगाल?"

"मी कशाला? वाढलं तू."

बरोबर होतं ते. मी सांगायचं ठरवून काकांच्या खोलीत गेले. ते बॅगेची चेन चाचपडत लावत होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "एलिझा, काल मी फार जेवलो ग. दीना गेल्यापासून असं जेवलो नव्हतो. डबा भरलास का? त्यातलंच भर हं. त्या आंबटसर रश्श्यातलं."

मी म्हणाले, "भरते काका."

फ्रीजमध्ये मटण उरलं होतं. झाकणं बदलल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. मी ते पातेलं गॅसवर ठेवलं, बरणीतून आठ-दहा कोकमं काढली आणि त्यात टाकली. मंद आचेवर वीस मिनिटं ठेवलं, म्हणजे आंबटपणा आत मुरेल. याकोबाच्या आईने कातडं बांधलं ते याच सावधपणे बांधलं असेल. ती लबाडी मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली होती, दर वेळी तिच्यावर चिडले होते. आणि आता रस्सा चाखून बघत होते, जमलं का म्हणून.

कालेब दारात उभे होते. त्यांनी कोकमाची बरणी बघितली आणि गाडी काढायला गेले.

ब्रिस्टलच्या टेंपल मीड्स स्टेशनवर काकांनी डबा मांडीवर घेतला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. आंधळे हात. गाडी सुटली.

शुक्रवारपर्यंत मी कुणाशी धड बोलले नाही. शब्बाथची मेणबत्ती लावताना हात डोळ्यांवर घेतले, आणि ते काढावेसेच वाटेनात. प्रार्थनेला उभी राहिले की वाटायचं, वर कुणीतरी विचारतंय, आत कोण आलंय, खरं सांग.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ संपताच काकांचा फोन आला.

"एलिझा, डबा काल उघडला." आवाज पडलेला. "माझी जीभ गेली ग."

"म्हणजे?"

"आंबट लागतं, तिखट लागतं. पण ती चव नाही. तुझ्याकडे होती ती नाही. तोच रस्सा, तेच मटण, फ्रीजमधलं म्हणून एवढा फरक पडत नाही. म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं. डोळे गेले तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, हे घे, पण गळा आणि जीभ राहू दे. आता जीभही घेतोयसं दिसतं." थोडं थांबून म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडे जातोय."

मी फोनवर "काका" एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं. ते म्हणाले, "तू कशाला रडतेस? वयच झालं माझं."

सोमवारी सकाळच्या कोचने, म्हणजे लांबपल्ल्याच्या बसने, मी लंडनला गेले. काका तेवढ्यातच डॉक्टरकडून आले होते, अंगात कोट तसाच. मला बघून, म्हणजे माझी हाक ऐकून, खुशीत आले. "अग, आलीस? बस. डॉक्टरने टॉर्च मारून जीभ बघितली. म्हणतो, मिस्टर झिराडकर, तुमची जीभ माझ्यापेक्षा तरुण आहे. मग चव कुठे गेली? ते त्याला माहीत नाही. ब्लड टेस्ट सांगितलीय."

"टेस्ट करू नका काका."

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले. खुर्चीत बसून सांगण्यासारखं नव्हतं ते. झाकणांपासून सुरुवात केली. पट्टी, कोथिंबीर, खुर्च्या, कोकम. पहिलं ताट. मग दुसरं. मग डबा. खाली रस्त्यावर भाजीवाल्याच्या ट्रॉलीचा खडखड आवाज होत होता.

मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "दुसरं ताट वाढलंस तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि डब्यातलं? ते तरी माझं मटण होतं?"

"हो काका. ते कोशेरच होतं."

"हॉलमध्ये त्यात डाव कुठला घातला होता?"

त्याचा मी विचारसुद्धा केला नव्हता. झाकणं फिरली तेव्हा डावही फिरले होते. जिलला ज्याने वाढलं तो हॉलचा डाव, सशात आणि फेझंटमध्ये फिरलेला, तोच त्या मटणात गेला होता.

"म्हणजे तेही गेलं," काका म्हणाले.

ते उठले. भिंतीला हात लावत फ्रीजरपर्यंत गेले, उरलेल्या मटणाच्या तीन पुड्या काढल्या आणि एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मी मदतीला उठले तर म्हणाले, "बस तिथेच."

परत येऊन बसल्यावर म्हणाले, "चुकून खाल्लेल्याचं मी देवाशी बघून घेईन. तो समजून घेतो, त्याला डोळे आहेत. पण तू मला तीन दिवस माझ्याच जिभेवर संशय घ्यायला लावलास. आंधळ्या माणसाकडे काय असतं ग पोरी? जीभ आणि माणसं. दोन्ही."

मी रडत होते. त्यांनी मला रडू दिलं.

"अजून एक सांगतो, म्हणजे तुला सगळं कळेल. सत्तर वर्षं मी त्या ओवीत 'रानमांसाची चव' म्हणत आलो. मला काय माहीत ती कशी असते? काल गुणगुणायला घेतली, आणि त्या शब्दाला तोंडाला पाणी सुटलं." त्यांचा चेहरा आक्रसला. "आता तू सांगितलंस, ते कशाने सुटलं ते. आवडलं होतं ग मला. फार आवडलं होतं. आता ती ओवी मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

"काका, मला माफ करा."

"आपल्यात माफी तीनदा मागायची असते."

"माफ करा काका, माफ करा, मा..."

"एका बैठकीत तीन नाही चालत," ते तुटकपणे म्हणाले. "शाळेतली कवायत आहे का ती? आज जा."

मी घरून गुळाची पोळी करून नेली होती. त्यात ना मांस, ना दूध. ती त्यांनी घेतली नाही. "घेऊन जा, कालेबला आवडते." कोचमध्ये मांडीवर तो डबा जड लागत होता.

पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. माफी मागितली. ते हवेबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. चहा त्यांनी स्वतः केला, कपाबाहेर सांडत, आणि मला उठू दिलं नाही. निघताना म्हणाले, "ओवी गाळून आख्यान म्हणून बघितलं. लंगडं होतं." बस, एवढंच.

वीणा म्हणाली, "अग, तू सांगितलंस ना आता? संपलं. किती दिवस स्वतःला खाणार आहेस?" तिचं प्रेम मला कळतं. पण सांगितलं म्हणजे संपलं असं नसतं. सांगितलं तेव्हा माझं ओझं त्यांच्या अंगावर गेलं, आणि ते एक्याऐंशी वर्षांचे.

तिसऱ्या सोमवारी पाऊस आणि वारा. कोच दीड तास उशिरा. मी पोचले तेव्हा काका दाराजवळच्या खुर्चीत बसून होते, कोट घालून, जणू त्यांनाच कुठे जायचंय. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, तिसऱ्यांदा आले. माफ करा."

"केलं," ते म्हणाले.

मला खरं वाटेना. "मनापासून?"

"मनाचं मन बघेल. तोंडाने केलं. तोंडाने आधी करायचं, मन मागाहून येतं, लंगडत का होईना. बस. भिजली असशील."

मी बसले. बोलावं की नाही ते कळत नव्हतं, तरी विचारलं, "माझ्याकडे जेवायला याल?"

त्यांनी कोटाची बटणं काढायला घेतली. मला उत्तर कळलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकणं माझ्या वाट्याचं होतं.

"नाही," ते म्हणाले. "तुझ्यावर राग म्हणून नाही. पण घास तोंडाशी नेताना मी आता विचारणार. एकदा विचारलं की ते घरचं जेवण राहत नाही ग. हॉटेल होतं."

"हो काका."

"रडू नकोस. माफ केलंय ना?" टेबलावर चाचपून त्यांनी वाडग्यातलं एक संत्रं उचललं आणि माझ्याकडे धरलं. "फळाला सुरी लागत नाही, डाव लागत नाही. सोल. दे मला."

माझी बोटं थंडीने गारठली होती. साल तुकड्यातुकड्यांनी निघाली. शिरा काढून एक फोड मी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी दाबली, नाकाशी नेली, जिभेला लावली.

"संत्रंच आहे ना ग?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि हुंदका आला, आणि त्यातच हसू फुटलं, आणि काकाही हसले. ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी ती फोड खाल्ली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

त्यानंतर ते तीन वर्षं होते. मी महिन्यातून एकदा जात असे. सफरचंद, केळी, उन्हाळ्यात ईलिंग रोडवरचा हापूस, सगळं माझ्या हातून खाल्लं. पानावर मात्र कधी बसले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.